त्याला सांग

आमच्या घरात दोन मेकॅनिक आणि एक गाडी आहे, म्हणजे ती गाडी कशी असेल हे वेगळं सांगायला नको. लोकांच्या गाड्या आमच्या गॅरेजमधून गाणं म्हणत बाहेर पडतात. आमची गाडी मात्र वर्षानुवर्षं ‘उद्या बघू’ या एकाच औषधावर जगते आहे. ती आम्हाला आत्याकडून मिळाली, म्हणून तिचं नावही आत्या. नाव शोभतं तिला. चढ लागला की कण्हते, पिते भरपूर, आणि जरा मागे सरक म्हटलं की हट्टाला पेटते.

मेकॅनिक म्हणजे माझे दोन भाऊ. थोरला दादा आणि धाकटा छोटू. छोटू पुढे दरवाजाएवढा झाला, पण नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही. मी मधली, आणि ती नुसती वयानं नव्हे. हे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत.

कारण विचाराल तर एक फडकं. कित्येक वर्षांपूर्वी आमच्याकडून दुरुस्त होऊन गेलेला एक ट्रक दोरीला बांधलेला परत आला. इंजिनात हवा जाते त्या तोंडाशी कुणीतरी तेलकट फडकं विसरलं होतं. ट्रकवाला चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "इंजिन दुरुस्त करायला दिलं होतं, पुसायला नाही." लोक हसले. दादा म्हणाला फडकं छोटूचं, छोटू म्हणाला दादाचं, आणि त्या दिवसापासून दोघांनी तोंडाला कुलूप घातलं. फडक्यानं अजून कबुली दिलेली नाही.

गॅरेजमध्ये गाडीखाली उतरून काम करायचे दोन खड्डे, म्हणजे पिट, आहेत आणि मधे माझी खुर्ची. एका पिटमधून दादाचा आवाज येणार, "त्याला सांग, जॅक दे." छोटू तिथून हातभर अंतरावर, कान शाबूत. तरी मी म्हणायचं, "छोटू, जॅक दे." मग छोटू म्हणणार, "त्याला सांग, त्याच्या हाताला काय मेंदी लागलीय?" आणि मी दादाला सांगायचं, "देतोय, जरा थांब." दादानं "त्या गाढवाला सांग, नट आवळताना डोकं पण वापर" म्हटलं, तर छोटूपर्यंत जायचं ते "दादा म्हणतोय, नट जपून" एवढंच. या दोघांच्या बोलण्यात मी इतकी साखर कालवली आहे, की एव्हाना माझ्या खुर्चीला मुंग्या लागायला हव्या होत्या. एक मात्र झालं. जे आपल्याला कळत नाही त्याचा निरोप नीट देता येत नाही, म्हणून निरोप देता देता मला इंजिन कळायला लागलं. आधी कळलं, मग आवडलं.

त्यामुळेच मला ती नोकरी मिळाली. मालवाहू बोटीवर, इंजिनरूममध्ये, शिकाऊ म्हणून. या एका फोनची वाट बघत मी म्हातारी व्हायचीच काय ती बाकी होते. बोटीच्या चीफ इंजिनिअरनी फोनवर सरळ सांगितलं होतं, "बोट दुपारच्या भरतीबरोबर सुटते. धक्क्यावर दिसलीस तर तू, नाही दिसलीस तर पुढचा." आवाजात राग नव्हता, लोभही नव्हता. पुढचा म्हणे सामान घेऊन तिथे येऊनच बसणार होता.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू आपली पहाटेची बस पकड. या दोघांच्या नादाला लागू नकोस."

दादानं ते ऐकलं. "घरचं गॅरेज असताना बसनं जाणार? लोक तोंडात शेण घालतील. मी सोडतो."

आणि छोटू म्हणाला, "त्याला सांग, पहिल्यांदाच अकलेचं बोलला. मी पण येतो."

इतक्या वर्षांत माझ्या भावांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा बघत होते. तिथेच मला वास यायला हवा होता. पण मी मूर्ख, मला गहिवरून आलं.

सकाळी निघालो. पुढच्या एकाच लांब सीटवर तिघं. दादा चालवायला, छोटू खिडकीशी, आणि मी अर्थातच मधे, गुडघ्याला गिअरचा दांडा लागलेला. मागे माझी बॅग. तिच्यात कामावर घालायची नवी डांगरी, दोन जोड कपडे, वहिनीनं भरून दिलेला घट्ट झाकणाचा डबा आणि पाण्याची मोठी बाटली. बंदराचा रस्ता असा, की आधी चढण, मग वर लांबच लांब उघडं माळरान, मग पलीकडे उतार आणि समुद्र. मधे ना घर ना झाड. पहाटेची बस गेली की दिवसभर त्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि मोबाइलला रेंजही नसते.

चढणीच्या शेवटच्या वळणावर आत्याच्या नाकातून वाफ निघाली. काहीतरी फटकन वाजलं आणि दादानं गाडी कडेला घेतली.

"फॅन बेल्ट तुटला," तो म्हणाला. बोनेट अजून उघडलंही नव्हतं.

उघडून बघितलं तर खरंच तुटला होता. त्या पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो. पट्टा नाही तर पंप नाही, पंप नाही तर इंजिनचा तवा होतो. छोटूनं तुटलेला बेल्ट उचलला, दोन्ही टोकं बराच वेळ निरखली, आणि घडी करून खिशात घातला. मला वाटलं, सवय. आमच्याकडे तुटकं काही फेकत नाहीत.

"हत्यारांची पेटी काढ," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"त्याला विचार, पेटी का नाही ठेवली," दादा म्हणाला.

"त्याला विचार, त्यानं का नाही ठेवली," छोटू म्हणाला.

एरवी निघायच्या आदल्या संध्याकाळी मी दोघांना विचारते, पेटी घेतली का. या वेळी मी माझी बॅग भरत होते. दादाला वाटलं छोटूनं ठेवली, छोटूला वाटलं दादानं. एकानं दुसऱ्याला विचारायचं तर जीभ झिजली असती. दोन मेकॅनिक भर माळावर निघाले होते आणि दोघांत मिळून एक पाना, दादाच्या मागच्या खिशात कायम असतो तो, आणि त्याचा खिशातला चाकू. मी कपाळावर हात मारून घेतला.

दादानं सुस्कारा सोडला. "नशीब तुझं, चिमे. आता इंजिन थंड झालं की हळूहळू घरी परत जाऊ. उतारच आहे."

"त्याला सांग, बरोबर म्हणतोय," छोटू म्हणाला.

दिवसात दुसरं एकमत. मी बॅग उघडली आणि माझी नवीकोरी काळी लेगिंग बाहेर काढली. आतून पीळ भरला आणि तीन पुल्यांवरून ओढून गाठ मारायला घेतली. दोघे हात बांधून बघत उभे. मला माझे भाऊ ठाऊक आहेत. त्यांच्यासमोर जग बुडालं तरी ते जागचे हलणार नाहीत, पण वाईट मारलेली गाठ त्यांना बघवत नाही. मी मुद्दाम जरा जास्तच वाईट मारली.

"अगं, ही काय बुटाची नाडी आहे का?" दादाला राहवेना. त्यानं मला बाजूला सारलं, पीळ पुन्हा घट्ट भरला, पाय पुलीला लावून लेगिंग ताणली, गाठ मारली आणि शेपट्या चाकूनं छाटल्या. बाटलीतलं सगळं पाणी रेडिएटरच्या पोटात गेलं. सेल्फ मारला. माझी लेगिंग माझ्या अंगावर कधी फिरली नसती एवढी गरागरा फिरायला लागली.

"हळू चालवायला सांग त्याला," छोटू म्हणाला. तो जरा नाराज दिसला.

माळावर वारा सुटला होता. दूरवर एका फटीतून समुद्राची रेघ दिसली. मी मनात डांगरी चढवून इंजिनरूमच्या शिडीवरून खाली उतरायलाही लागले होते, आणि तेवढ्यात आत्या खोकली. एकदा, दोनदा, मग गचके दिले आणि गप झाली.

या वेळी दादाचं तोंड खरोखर उघडं पडलं. "हे काय?" तो स्वतःशीच म्हणाला. छोटू खिडकीबाहेर दगड मोजत बसला होता.

डिझेल पुढे येत नव्हतं. टाकी भरलेली होती, ते मी स्वतः बघितलं होतं. दादा पाना घेऊन गाडीखाली शिरला. असला प्रश्न पडला की त्याला बायकोमुलांचाही विसर पडतो. टाकीच्या बुडाला मळ काढायचा बोल्ट असतो, तो त्यानं सैल केला. मी रिकामी बाटली खाली धरली, ती भरली. मग डबा रिकामा करून धरला. आतलं जेवण आम्ही तिघांनी उभ्या उभ्या पोटात घातलं, कारण भूक भांडणासाठी थांबत नाही. डबाही भरला. आणि मग धार बारीक झाली, थांबली, आणि त्या भोकातून एक टोक लोंबायला लागलं.

कापडाचं टोक. निळ्या चौकड्यांचं.

दादा गाडीखालून सरकत बाहेर आला. बाहीला डिझेल, केसात माती, आणि चेहऱ्यावर असा उजेड, की इतकी वर्षं तो याच क्षणासाठी जगला असावा.

"त्याला विचार," तो प्रत्येक शब्द चावत म्हणाला, "त्याचा निळ्या चौकड्यांचा शर्ट कुठे आहे."

आता नेहमीसारखी साखर कालवायला माझ्याकडे वेळ नव्हता. "छोटू, टाकीत तुझा शर्ट आहे. तू बोळा करून घातलास का?"

छोटूचे कान लाल झाले. त्यानं खिशातून बेल्ट काढला आणि माझ्यासमोर धरला. "त्याला विचार, हा तुटला का कापला."

मी टोक हातात घेतलं. अर्धी जाडी दोरेदोरे निघून फाटलेली होती. उरलेली अर्धी गुळगुळीत, लोणी कापावं तशी. आमच्याकडे एवढी सरळ रेघ एकच माणूस कापतो, आणि त्याच चाकूनं त्यानं मघाशी माझ्या लेगिंगच्या शेपट्या छाटल्या होत्या.

मी दादाकडे बघितलं. दादानं समुद्राकडे बघितलं.

"तुम्ही दोघांनी," मी म्हटलं, "एकमेकांना न विचारता?"

"विचारणार कसं?" छोटू म्हणाला. "आम्ही बोलत नाही ना."

मला हसायला आलं, आणि त्याच वेळी इतका संताप आला की हातातला बेल्ट मी दादाच्या खांद्यावर हाणला. मग न्याय म्हणून छोटूच्याही. "का? का रे असं केलंत? माझी जागा जाईल हे कळत नाही तुम्हाला?"

दादानं पायानं माती उकरली. मग म्हणाला, "चिमे, तू गेल्यावर त्याच्याशी बोलायचं कुणी?"

"हो ना ताई," छोटू म्हणाला. "याला काही सांगायचं झालं तर?"

खरं सांगायचं तर मला तिथे फार वाईट वाटलं. मला वाटलं होतं, कुणीतरी म्हणेल, तुझ्याशिवाय करमणार नाही. कुणीतरी म्हणेल, समुद्रात तुझं कसं होईल याची काळजी वाटते. यांना करमायचा प्रश्नच नव्हता. घरातला पाइप काढून नेला तर पाणी कसं यायचं, एवढाच प्रश्न होता. मी त्यांची बहीण नव्हते, नळी होते.

"ऐका," मी म्हटलं. "बोट चुकली तर मी घरी येईन. खुर्चीतही बसेन. पण या तोंडातून तुमचा एकही निरोप जन्मात जाणार नाही. आणि आत्तापासूनच बंद. आता काय करायचं ते करा." आणि मी खरोखरच ओठ मिटून घेतले.

दोघे एकमेकांच्या डोक्यावरून पलीकडे बघत उभे राहिले. मग दादा गाडीत शिरला, सीटखाली हात घातला आणि तिथून नवाकोरा बेल्ट काढला. पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं. बोट सुटून गेली की ‘अरेच्चा, हा बघ इथे सापडला’ म्हणून काढायचा, असा बेत होता स्वारीचा. मी तोंड उघडणार नव्हते म्हणून तो वाचला.

लेगिंग उतरली, बेल्ट चढला. राहिलं डिझेल. टाकीतला शर्ट काढायचा तर अख्खी टाकी उतरवायला हवी, आणि ते एका पान्यानं होणारं काम नव्हतं. छोटूनं काच धुवायच्या पाण्याची नळी उपटून काढली. काचेला पाणी येणं कधीच बंद झालं होतं, त्यामुळे तिचं कुणाला वाईट वाटलं नाही. दादानं काहीही न सांगता बाटलीच्या झाकणाला चाकूनं भोक पाडलं आणि बुडाला एक बारीक छिद्र, हवेसाठी. छोटूनं काहीही न विचारता नळीचं एक टोक झाकणात बसवलं आणि दुसरं बोनेटखाली, डिझेल आत जातं त्या तोंडात. सांधा गळायला लागला तेव्हा दोघांनी माझ्या डोक्याकडे बघितलं. मी केसांचं रबर काढून दिलं. बाटली टपावर उलटी टांगायची, म्हणजे डिझेल आपल्या वजनानं खाली उतरेल. माझी बॅग बांधून आणलेल्या दोरीनं ती टपाच्या कॅरिअरला बांधली, पण गचक्यांत नळी मुडपायची, आणि बाटली संपत आली की डब्यातलं ओतायला कुणीतरी वर हवं. छोटू टपावर चढला असता तर टप खाली आला असता. दादाला स्टुलावर चढलं तरी गरगरतं. मी न सांगता वर चढले.

आता इंजिनातली हवा काढायची होती. डिझेलच्या पाइपात हवा शिरली की इंजिन चालत नाही. एकानं पुढे उभं राहून पाइपाचा नट सैल करायचा, दुसऱ्यानं आत बसून सेल्फ मारायचा. बुडबुडे जाऊन निव्वळ डिझेल उडालं, की सेल्फ फिरत असतानाच नट आवळायचा आणि लगेच थांबायचं. जरा मागेपुढे झालं तर हवा परत आत. आणि बॅटरीही आत्याचीच होती. ती फार वेळा आमचं ऐकणार नव्हती.

दादा बोनेटशी, छोटू किल्लीशी, मी टपावर बाटली धरून. दादानं सवयीनं मान वर केली. "त्याला सांग, मार."

मी समुद्राकडे बघत राहिले.

"चिमे, त्याला सांग ना."

वरून मला बंदर दिसत होतं. एका बोटीच्या नळकांड्यातून धूर निघत होता. ती माझी होती का दुसरी, मला ठाऊक नव्हतं. एक शब्द सांगितला असता तर काम झालं असतं. सांगणार नव्हते. मरेन पण सांगणार नाही, असं मी स्वतःलाच बजावत होते, आणि मनातून म्हणत होते, बोला रे मेल्यांनो, एकदा तरी बोला.

दादानं एक शिवी हासडली, कुणालाच उद्देशून नाही. मग मागच्या खिशातला पाना काढून बोनेटवर एकदा ठोकला. ठण्‌.

क्षणभर काही झालं नाही. मग छोटूनं सेल्फ मारला. इंजिन घरघरलं, डिझेलचा फवारा उडाला, दादानं नट आवळला आणि दोनदा ठोकलं. ठण्‌ ठण्‌. सेल्फ थांबला. पुन्हा एक ठोका, पुन्हा घरघर. तिसऱ्या खेपेला आत्यानं एक मोठी ढेकर दिली आणि सुरू झाली.

माझ्या भावांमधलं कित्येक वर्षांतलं पहिलं थेट संभाषण हे असं झालं, पान्यानं, पत्र्यावर. मी टपावर मांडी घालून बसले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण वाराही होता, त्यामुळे कशाचं ते नक्की सांगता येणार नाही.

उरलेला रस्ता मी टपावरून केला. एका हातानं कॅरिअर धरलेला, दुसऱ्यानं नळी, मांडीत डिझेलचा डबा. खाली केबिनमध्ये ते दोघेच, मधे माझी रिकामी जागा. मी कान लावून ऐकलं. एक शब्द नाही. उतारावर कठडा जवळ आला की छोटू दारावर थाप मारायचा आणि दादा चाक वळवायचा. मला बाटली भरायची असली की मी टपावर पाय आपटायचे. तिघंही ढोल बडवत बंदरात शिरलो. बाहेरच्या फाटकावरचा पहारेकरी इतका गोंधळला, की पास बघायचाच विसरला.

बोट होती. शिडी अजून खाली होती, पण तिच्याशी दोन खलाशी दोर सोडायला उभे होते, आणि शेजारी एक मुलगा पेटीवर बसून आशेनं बोटीकडे बघत होता. पुढचा. मी टपावरून उडी मारली. छोटूनं बॅग काढून माझ्या खांद्यावर टाकली. मी वरून उतरल्यामुळे बाटली राहिली ती रिकामीच, आणि आत्या आमच्या मागे दोन आचके देऊन बंद पडली.

"त्याला सांग—" दादा म्हणाला, आणि थांबला.

"काय?"

"काही नाही. जा, पळ."

छोटू मला नीट बघून घेत होता. केस सुटलेले, कपडे डिझेलनं भिजलेले. "ताई, जमेल ना तुला?" एवढंच म्हणाला. मला दोघांना मिठी मारायची होती आणि दोघांचं टाळकंही सडकायचं होतं. दोन्हीला वेळ नव्हता. मी पळाले.

शिडीच्या वरच्या टोकाला चीफ इंजिनिअर उभे होते. त्यांनी हवेत वास घेतला. "डिझेल?"

"रस्त्यात गाडीची हवा काढावी लागली."

"सुरू झाली?"

"झाली. आता परत बंद पडलीय."

"हं." त्यांनी खाली धक्क्यावरच्या त्या मुलाला हातानं नाही अशी खूण केली. मला त्याचं वाईट वाटलं, पण फार वेळ नाही. "शिडी उचलू दे, मग खाली ये. डांगरी आणलीयस ना?"

मी कठड्याशी जाऊन उभी राहिले. खाली धक्क्यावर आत्या बोनेट उघडून उभी होती. दादा पुढे वाकलेला, छोटू आत किल्लीशी. छोटूनं डब्यात उरलेलं डिझेल बाटलीत भरून ती पुन्हा टपाला बांधली होती. दादानं पाना ठोकला, तो मी बघितला, पण ऐकू काही आलं नाही. क्रेनचा खडखडाट, साखळ्या, आमच्या बोटीचा भोंगा. छोटूलाही ऐकू गेलं नसणार. तो तसाच बसून होता. दादानं पुन्हा ठोकला, पुन्हा, अगदी पत्र्याला पोचे येईस्तोवर.

मग दादानं खिशातून फोन काढला आणि माझा फोन वाजला.

"चिमे," दादा ओरडत होता, "त्याला सांग, मार."

मला दोघेही दिसत होते. दोघांच्या मधे एक बोनेट. बोट हलायला लागली होती, धक्का आणि आमच्यामध्ये पाण्याची एक पट्टी उघडली होती. मी फोन कानाशी धरून गप्प राहिले. दादा वाट बघत होता. वर मान करून त्यानं मला शोधलं, आणि मी कुठे उभी आहे ते त्याला दिसलं. आमच्यामधलं पाणीही दिसलं असणार.

त्यानं फोन खाली घेतला. बंद करायचा मात्र विसरला.

"मार रे!" फोनमधून आवाज आला. घसा खरवडून काढल्यासारखा. "छोट्या! मार!"

खाली आत्या घरघरली.

"थांब! हां. आता परत. मार!"

"ओरडतोस कशाला?" लांबून छोटूचा आवाज आला. "ऐकू येतंय मला."

आत्या सुरू झाली. मला धूर दिसला. दादानं बोनेट आपटून बंद केलं आणि गाडीत शिरला, चालवायच्या जागी. छोटू पलीकडे सरकला, मधली जागा ओलांडून खिडकीशी. फोन बहुधा दादानं वर काचेशी टाकला, कारण आवाज आता जवळून येत होता.

"नळी मुडपेल," छोटू म्हणाला.

"दोरी मार तिला एक."

"मारलीय." मग जरा वेळानं, "ताई बरी धरायची."

"हो."

बराच वेळ नुसती इंजिनची घरघर येत राहिली. मला वाटलं संपलं. मग दादा म्हणाला, "छोट्या, ती जेवली का रे नीट? डबा आपणच संपवला."

"मी जास्त खाल्लं," छोटू म्हणाला.

"मी पण."

रेंजचा शेवटचा दांडा होता. मी फोन तोंडाशी नेला. इतकी वर्षं या दोघांची वाक्यं माझ्या तोंडात होती, इकडची तिकडे, तिकडची इकडे, कधी एकही अडली नाही. आता दोघेही ऐकायला होते आणि बोलायचं होतं ते फक्त माझं, आणि माझा आवाज फुटेना. मी नुसती "दादा" म्हणाले. "छोटू" म्हणायच्या आत रेंज गेली.

खालून चीफ इंजिनिअरनी हाक मारली. मी डांगरी काढायला बॅग उघडली. डांगरीच्या वर, घडी करून ठेवलेली माझी लेगिंग होती. काळी, ताणून दुप्पट लांब झालेली, तेलानं माखलेली, गाठ सोडवून. कुणी ठेवली, ते त्यांनाच एकमेकांना विचारू दे.